उमराव जान: पडद्यावर पाहिलेली, पुस्तकात ऐकलेली

आपल्याकडे आता बहुतेक कादंबऱ्या चित्रपटाच्या दारातून घरात येतात. पूर्वी लोक आधी कादंबरी वाचत, मग तिच्यावर निघालेला चित्रपट पाहत आणि ‘पुस्तकातली मजा नाही’ असे म्हणत थिएटरातून बाहेर पडत. आता क्रम उलटला आहे. चित्रपट आधी पाहिलेला असतो, गाणी तोंडपाठ असतात आणि पुस्तक कधीतरी दहा-वीस वर्षांनी हाती लागते. पुष्कळांच्या हाती ते लागतच नाही. रूपांतराची चर्चा आपल्याकडे होते ती दिग्दर्शकाच्या बाजूने. त्याने काय गाळले, काय पदरचे घातले, ह्याचा हिशेब मांडला जातो. चित्रपट डोळ्यांत साठवून मग पुस्तक उघडणाऱ्या वाचकाचे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. एकाच कादंबरीच्या आधारे हे पाहावे, एवढाच आमचा इथे हेतू आहे. ती कादंबरी म्हणजे मिर्झा मुहम्मद हादी रुसवा यांची १८९९ सालची ‘उमराव जान अदा’.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाकडे बाहेरचे लोक एका ठराविक नजरेने पाहतात. तुम्ही उर्दूवाले, म्हणजे शेरोशायरी, अदब आणि ‘उमराव जान’! म्हणणाऱ्याच्या मनात असतो तो मुजफ्फर अलींचा १९८१चा चित्रपट, त्यातली रेखा आणि आशाबाईंचा आवाज. रुसवांचे नाव त्यांना ठाऊक नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या स्टाफरूममध्येही ही कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आम्ही स्वतः त्या चित्रपटानंतर जन्मलेल्या पिढीतले. आमच्याही कानावर आधी गाणी आली, मग टीव्हीवर चित्रपट आला आणि पुस्तक बी.एड.नंतर हाती आले. जून २०२५मध्ये हा चित्रपट दुरुस्त केलेल्या स्वच्छ प्रतीसह पुन्हा थिएटरात लागला. आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर त्या दिवसांत तीच गाणी पुन्हा वाजू लागली. पुस्तक कोणी मागितले नाही.

चित्रपट पाहून पुस्तक उघडणारा वाचक पहिल्याच पानांवर अडखळतो. पडद्यावर गोष्ट सुरू होते फैजाबादेत, अमीरन नावाच्या छोट्या मुलीपासून. पुस्तकात अमीरन कुठेच नसते. असते ती एक शायरांची बैठक. दिल्लीकडून येऊन लखनौत राहिलेल्या एका मुन्शींच्या घरी रुसवा आणि त्यांचे मित्र जमले आहेत, गझला वाचल्या जात आहेत, एकमेकांची थट्टा चालली आहे. एका शेराला शेजारच्या खिडकीपलीकडून दाद येते. आवाज बाईचा असतो. दाद देणारीला बैठकीत बोलावले जाते आणि ती येते. ती उमराव. वय उतरणीला लागलेली, शहाणी, जिभेची तिखट. मग रुसवा तिच्या मागे लागतात की, तुझी जीवनकहाणी सांग. ती आढेवेढे घेते, आणि अखेर सांगू लागते.

ह्या पानांवर कंटाळून पुस्तक मिटणारे वाचक आम्ही पाहिले आहेत. ‘उमराव केव्हा येणार?’ असे ते विचारतात. ती तर केव्हाच आलेली असते. दिसण्याआधी ती ऐकू आली एवढेच. रुसवांनी जाणूनबुजून केलेली ही मांडणी आहे असे आम्ही मानतो. आपल्या भाषेतल्या एका थोर स्त्री-पात्राचा प्रवेश चेहऱ्याने होत नाही, शेर समजण्याच्या अकलेने होतो. कादंबरीच्या नावातला ‘अदा’ हा शब्दही लोकांना नखरा वाटतो. तो नखरा नव्हे. ‘अदा’ हे तिचे तखल्लुस आहे, शायर म्हणून घेतलेले नाव. म्हणजे मुखपृष्ठावर तवायफेच्या नावाला जोडून शायरेची सही आहे. चित्रपटाच्या नावातून ‘अदा’ गळाले, आणि आम्हाला वाटते, पुढचे सगळे त्यातच आले.

आता चेहऱ्याचे घेऊ. चित्रपट पाहिलेल्या माणसाला रेखाचा चेहरा बाजूला ठेवून हे पुस्तक वाचता येत नाही. आम्हीही तसा प्रयत्न सोडून दिला आहे. पण पुस्तक मात्र पानोपानी त्या चेहऱ्याशी हुज्जत घालते. खानमच्या कोठ्यावर रूपाचा मान आहे खुर्शीदचा. ती परीसारखी दिसते, पण गळा नाही. बिस्मिल्ला ही खानमची पोटची मुलगी, म्हणून तिचा तोरा वेगळा. उमराव आपल्या रूपाबद्दल बोलते ती मोजूनमापून, जणू बाजारात माल पारखावा तशी. तिची कमाई आहे ती गाण्यातली, वाचनातली आणि हजरजबाबीपणातली. आता रेखा पडद्यावर आली की ह्या सगळ्या भानगडी मिटतात. खोलीत तीच सर्वांत सुंदर असते, त्यामुळे नवाब तिच्याकडे वळला तर त्याचे कारण विचारावे लागत नाही. पुस्तकात ते विचारावे लागते, आणि उत्तर मिळते की, तिच्याशी बोलण्यात मौज होती.

ह्याचा अर्थ चित्रपट उणा आहे असा कोणी काढू नये. मुजफ्फर अलींचा चित्रपट हा हिंदी सिनेमातल्या मोजक्या जबाबदार रूपांतरांपैकी एक आहे. शौकत आझमींची खानम, दीना पाठकांची बुआ हुसैनी आणि नसीरुद्दीन शाहांचा गोहर मिर्झा ही तिन्ही माणसे पुस्तकातून उठून आल्यासारखी वाटतात. गोहर मिर्झाचा लाघवी हलकटपणा तर पुस्तक वाचल्यावर अधिकच पटतो. रेखा, खय्याम आणि आशा भोसले या तिघांना त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, कलादिग्दर्शनालाही मिळाला, आणि ते सारे योग्यच होते. खय्याम यांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावले आणि त्या खालच्या सुरातून उमरावचा आवाज तयार झाला. गीते शहरयार यांची. अलीगढ विद्यापीठात उर्दू शिकवणारा हा शायर पुढे ज्ञानपीठाचा मानकरी झाला.

पण इथेही चित्रपट आधी पाहिलेल्याची एक अडचण आहे. शहरयार यांच्या गझला विसाव्या शतकातल्या आहेत, एकट्या माणसाच्या. उजाडपणा, शोध, हरवलेले शहर ही त्यांची दुनिया. कादंबरीतल्या गझला रुसवांच्या जमान्यातल्या. त्यात खेळ आहे, तक्रार आहे, मैफिलीत दाद मिळवण्याची हौस आहे. चित्रपट पाहिलेला वाचक त्यात आशाबाईंचा सूर शोधतो, तो सापडत नाही, आणि ‘पुस्तकातल्या गझला फिक्या’ असा निकाल देऊन मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की, त्या गझला मोठ्याने वाचाव्यात आणि मधली थट्टामस्करी सोडू नये. त्या एकट्याने ऐकण्यासाठी लिहिलेल्याच नाहीत, चारचौघांत वाचण्यासाठी आहेत.

थट्टामस्करीवरून आठवले. चित्रपट पाहून ही कादंबरी उघडणाऱ्याला सर्वांत मोठा धक्का बसतो तो हसू फुटल्याचा. बिस्मिल्लावर लट्टू झालेल्या एका वयोवृद्ध मौलवीसाहेबांना ती लहर लागली म्हणून कडुनिंबाच्या झाडावर चढायला फर्मावते, आणि ते दाढीसकट चढतात, हा प्रसंग वाचताना आम्ही मोठ्याने हसलो आहोत. पडद्यावरची उमराव मात्र सतत उदास आहे. तिचे दुःख इतके सुंदर दिसते की ते दुःखच तिचा स्वभाव वाटू लागतो. पुस्तकातली उमराव दुःखाबद्दल बोलता बोलता चिमटा काढते, रुसवांनी जास्त चौकशी केली की त्यांनाच उलटा प्रश्न विचारते, एखादी गोष्ट सांगायची नसेल तर सरळ टाळते. सबंध कादंबरी ही दोघांची बातचीत आहे. रुसवा मध्येच तोंड घालतात, ती त्यांना गप्प करते. चित्रपटाच्या कथनातून रुसवा गेले, आणि त्यांच्याबरोबर तिचे उत्तर देणेही गेले. ज्याच्याशी भांडावे तोच समोर उरला नाही, मग ती बोलणार कोणाशी? ती पाहत राहते. आरशात, खिडकीतून, दूर कुठेतरी.

शिक्षक म्हणून आम्हाला ह्या कादंबरीतला एक भाग फार मोलाचा वाटतो, आणि त्यावर कोणी लिहिलेले आम्ही वाचले नाही. तो भाग उमरावच्या शिक्षणाचा. सव्वाशे रुपयांना विकत घेतलेली ही पोर बुआ हुसैनीच्या हवाली होते आणि बुआंच्या खोलीत राहणारे मौलवीसाहेब तिला शिकवू लागतात. आधी अक्षरओळख, मग फारसी, मग पुढची पुस्तके. उमराव आयुष्यभर ह्या माणसाचे नाव कृतज्ञतेने घेते. नाच-गाणे शिकवणारे उस्ताद तिला पुष्कळ मिळाले असते. वाचायला शिकवणारा एकच मिळाला, आणि म्हातारपणी तिला सोबत झाली ती त्या वाचनाचीच. रूप गेले, गिऱ्हाईक गेले, गळाही थकला. पुस्तक उरले. ह्या मौलवींची भूमिका चित्रपटात आपल्या गजानन जागीरदारांनी केली आहे. ‘शेजारी’मधला मिर्झा ज्या मराठी नटाने १९४१ साली उभा केला, त्यानेच चाळीस वर्षांनी लखनौच्या मौलवींचा साधेपणा दाखवावा, हा योग मराठी मुस्लिम वाचकाने तरी ध्यानात ठेवायला हवा. भूमिका छोटी आहे. चित्रपटाला शिकवणीपेक्षा मुजऱ्याची घाई असते.

आता मुख्य फरकाकडे वळू. चित्रपट कुठे संपतो ते सर्वांना आठवते. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर उमराव फैजाबादला जाते, आपल्याच घरापाशी गाते, आई ओळखते, भाऊ दार बंद करतो. ती लखनौला परतते, लुटलेल्या ओसाड कोठ्यात येते आणि आरशावरची धूळ पुसून स्वतःकडे बघते. तिथे पडदा मिटतो. हा शेवट सुंदर आहे ह्यात वाद नाही. पण तो शेवट पाहून बाहेर पडणाऱ्याची खात्री असते की, ह्या बाईचे आयुष्य आता संपले.

कादंबरीत ते संपत नाही. आईची भेट तिथेही आहे, भाऊही आहे. तो सुरी घेऊन येतो, पण मारत नाही, फक्त हे शहर सोडून जा म्हणतो. उमराव जाते आणि त्यानंतर अनेक वर्षे जगते. हीच वर्षे आमच्या मते कादंबरीचा कणा आहेत. एक नवाब कोर्टात दावा ठोकतो की, ही माझी निकाहाची बायको. मग वकील, साक्षीदार, तारखा, पैशाचा चुराडा. लखनौची नवाबी बुडून तिथे इंग्रजांची कचेरी आली, हे रुसवा आपल्याला इतिहासाच्या पुस्तकासारखे सांगत नाहीत, ह्या बाईला कचेरीच्या पायऱ्या चढायला लावून सांगतात. आणि मग दिलावर खान. हाच तो माणूस, ज्याच्याविरुद्ध अमीरनच्या बापाने खरी साक्ष दिली आणि ज्याने त्याचा सूड म्हणून नऊ-दहा वर्षांच्या पोरीला कबुतरांचे आमिष दाखवून पळवले. कादंबरीत उमराव त्याला वर्षांनंतर ओळखते आणि अखेर तो फासावर जातो. चित्रपट सत्तावन्नच्या धुळीतच थांबल्यामुळे हा हिशेब मागे राहून जातो.

ह्याने काय बिघडले, असे कोणी म्हणेल. आमच्या मते पुष्कळ बिघडले. पडद्यावरची उमराव पाहून आपल्याला तिची कीव येते, आणि कीव करून आपण निश्चिंत होतो. पुस्तकातली उमराव कीव करू देत नाही. तिला फसवणारा, विकणारा, ओरबाडणारा प्रत्येक जण तिच्या ध्यानात आहे, आणि स्वतः केलेल्या लबाड्याही ती लपवत नाही. शेवटी आपल्या पेशातल्या बायकांना ती बजावते की, कोणी आपल्यावर खरे प्रेम करील ह्या भ्रमात राहू नका. दोन-अडीच तास प्रेमकथा पाहून आलेल्या वाचकाला हे वाक्य गिळायला जड जाते. २००६ साली जे. पी. दत्तांनी हीच गोष्ट पुन्हा केली, तेव्हा तर नवाब सुलतान आणि उमराव यांचे प्रेम हाच चित्रपटाचा सारा ऐवज झाला. शौकत आझमींच्या जागी त्यांची कन्या शबाना खानम झाली, हा एक देखणा योगायोग सोडला तर त्या चित्रपटाबद्दल इथे अधिक लिहावेसे वाटत नाही.

हा प्रश्न एका कादंबरीपुरताही राहत नाही. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘पाकीज़ा’ (१९७२) आणि मग ‘उमराव जान’ ह्या चित्रपटांनी ‘मुसलमान कसा असतो’ ह्याचे एक चित्र देशभर रुजवले. शेरवानी, पानदान, चिलमन, झुंबर. कोकणातला मच्छीवाला, मराठवाड्यातला बागवान, भिवंडी-मालेगावचा मागावरचा मजूर ह्या चित्रात कुठेच नाही. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही’ असे जे सर्रास ऐकवले जाते, त्यामागे हे चित्र किती आणि बाकी काय किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे गाऱ्हाणे दुसरे आहे. आपल्यातल्याच अनेकांनी ते चित्र आपली ‘तहजीब’ म्हणून भिंतीवर टांगले, आणि ज्या पुस्तकातून ते घेतल्याचे सांगितले जाते ते उघडून पाहिले नाही. पाहिले असते तर दिसले असते की, रुसवांनी लखनौच्या त्या तहजीबीची आरती ओवाळलेली नाही. उडाणटप्पू नवाब, आशिक मौलवी, बनावट साक्षीदार, कर्जबाजारी अमीर ह्या सर्वांची त्यांनी रेवडी उडवली आहे. आणि अमीरनचे फैजाबादचे घर? बाप एका मकबऱ्यावरचा साधा जमादार. कबुतरांचा शौक. कडेवर लहान भाऊ. आत्याच्या मुलाशी ठरलेली सोयरीक. ह्या घरात झुंबर नाही. आपल्या मोहल्ल्यातले कोणतेही घर आहे ते. उमराव त्या घराबद्दल बोलते ती पाने सावकाश वाचावीत. मराठी मुसलमान वाचकाला ह्या कादंबरीत आपले म्हणून जे काही भेटेल, ते खानमच्या दिवाणखान्यापेक्षा इथे अधिक भेटेल.

निदान ‘उमराव जान’च्या प्रेक्षकाला पडताळून पाहायला पुस्तक तरी आहे. ‘गर्म हवा’च्या बाबतीत तेही नाही. एम. एस. सथ्यू यांचा तो चित्रपट इस्मत चुगताईंच्या अप्रकाशित कथेवरून आला. वाचक मागे वळून जाणार कुठे? तिथे पडद्याचा शब्द अखेरचा. इथे तसे नाही. उर्दू लिपी न येणाऱ्यांसाठी ‘उमराव जान अदा’ देवनागरीतही छापलेली मिळते. अवघड शब्द येतात, पण आपल्या घरातल्या बोलीत निम्मे आधीच असतात. दख्खनी बोलणाऱ्या आजी-नानीला एखादे पान वाचून दाखवावे, अर्थ तीच सांगेल.

मुलांना हे पुस्तक द्यावे का, असा प्रश्न पालकांकडून येतो. कोठ्यावरची कादंबरी शाळेत कशाला? प्रश्न वाजवी आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. आठवी-नववीच्या वर्गात सबंध कादंबरी वाचून घ्यावी असे आम्हीही म्हणणार नाही. पण तीच मुले चित्रपटातले मुजरे मोबाईलवर दिवसातून चार वेळा पाहतात आणि कोणी हरकत घेत नाही, हेही खरे. मुजरा चालतो, मुजरा करणारीचे बोलणे चालत नाही! मुलींच्या वर्गात निदान तिच्या शिक्षणाची पाने आणि फैजाबादच्या घराची पाने वाचून दाखवायला कोणाची आडकाठी नसावी. अकरावी-बारावीच्या मुलींना सबंध पुस्तक द्यावे, आणि चित्रपट त्याआधी पाहिलेला असला तरी बिघडत नाही. पाहिलेला असला तर उलट बरे. विचारायला प्रश्न तयार असतात. ही हसते का? ही वकिलाकडे का जाते? गाणे कुठे आहे?

कादंबरीच्या शेवटाबद्दल लिहून थांबतो. रुसवांनी तिची कहाणी ऐकता ऐकता लिहून काढलेली असते. ते हस्तलिखित ते तिच्यापुढे ठेवतात आणि दुरुस्त करून दे म्हणतात. ती संतापते. फाडून टाकावे असे तिला वाटते. मग ती वाचायला बसते. आपलेच आयुष्य, दुसऱ्याने लिहिलेले, रात्र जागून वाचते, आणि मग त्यावर आपला शेरा मारते. रुसवा एवढ्यावरही थांबले नाहीत. त्याच सुमारास ‘जुनून-ए-इंतजार’ नावाची एक छोटी पुस्तिका आली. तिच्यात उमरावने रुसवांवर उट्टे काढले आहे. तुम्ही माझे गुपित छापले, आता मी तुमचे छापते, असे म्हणून ती त्यांच्या प्रेमप्रकरणाची कहाणी सांगते. अर्थात हेही लिहिणारे रुसवाच. पण लेखकालाच जाब विचारण्याची सोय त्यांनी आपल्या नायिकेला करून दिली, ती १८९९ साली. ही पुस्तिका कादंबरीइतकी सहज मिळत नाही. कोणा वाचकाच्या घरच्या जुन्या कपाटात उर्दू प्रत असेल तर ती रद्दीत घालू नये.